अळणी भरीत कुणी सांगितलं?

निरगुडसरच्या इंद्रायणीनं एका सकाळी भाकरी थापता थापता ठरवलं, की लेकीचा प्रकल्प या खेपेला आपण मार्गी लावायचा. ठरवलं एवढंच, पण तिचं ठरवणं म्हणजे हातावर पाणी सोडून केलेला संकल्प. मग माघार नाही.

कारणही तसंच होतं. नववीतल्या समृद्धीनं ‘आमच्या गावची एक प्रथा’ हा प्रकल्प इंटरनेटवरून जसाच्या तसा उतरवला होता. इतका जसाच्या तसा, की शेवटी मोत्यासारख्या अक्षरात ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’ असंही लिहून ठेवलं होतं. (खाली स्केचपेनची दुहेरी रेघ.) तेजस्विनी मॅडमनी वही परत केली. शुक्रवारपर्यंत नवा प्रकल्प हवा, माणसांना विचारून लिहिलेला, आणि कुणी काय सांगितलं ते शेवटी नावानिशी. नाहीतर मंचरच्या प्रदर्शनातून नाव कट.

समृद्धी रडकुंडीला आली होती. इंद्रायणी मात्र हरखली. सांगणाऱ्याचं नाव घ्यायचं हे तिला नवं नव्हतंच. दर व्रताच्या कहाणीत तेच असतं: नारदानं विचारलं, विष्णूनं सांगितलं, मग सूतांनी ऋषींना ऐकवलं. ऐकलेलं कुणी आपल्या नावावर खपवत नाही. शाळेत आता हे शिकवतात म्हटल्यावर तिनं मनोमन मॅडमना हात जोडले.

विषयही तिनंच सुचवला. चंपाषष्ठीला आळीतलं प्रत्येक घर खंडोबाला वांग्याचं भरीत नेतं, आणि तेही अळणी. मिठाचा कण नाही. लग्न होऊन आली त्या वर्षी या रीतीनंच तिला वाचवलं होतं. सासरचं पहिलं भरीत, घाईत मीठ विसरलं, आणि आठवलं ते ताट देवळात पोचल्यावर. पण प्रसाद खाताना कुणी चकार शब्द काढला नाही. पुढल्या वर्षी सगळ्याच घरांतून अळणी भरीत आलं, तेव्हा तिला उलगडा झाला: गावची रीतच तशी होती, आणि देवानं न सांगता ती आपल्याकडून पाळून घेतली. हे आठवलं की अजूनही तिच्या अंगावर काटा येई.

मायलेकी निघाल्या. सासूबाईंनी, म्हणजे साळुबाईंनी, शेंगा फोडता फोडता शेजारच्या अंबाबाईंकडं बोट दाखवलं. आळीत सगळ्यांना बजावत असते ती तीच. अंबाबाईंनी अळणी भरताचे गुण भरभरून सांगितले. त्यांच्या म्हशीला पारडी झाली, भावकीतली दोन अडलेली लग्नं जमली. रीत मात्र त्यांनी देवळाच्या भिंतीवर वाचली होती. भिंतीवर खरंच होतं, लाल ऑइलपेंटात: ‘नैवेद्याचे भरीत अळणीच आणावे.’ समृद्धीनं फोटो काढला. इंद्रायणीनं अक्षरांना नमस्कार केला.

भिंत रंगवणारे सावळेरामआजोबा शेजारीच पारावर बसले होते. त्यांना हे कुणी सांगितलं, असं समृद्धीनं विचारलं.

“कुणी म्हंजी? ह्या तुझ्या आईनं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. सोळा वर्षांमागं नव्या सुनेचं भरीत अळणी लागलं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. पण पोर शिनोलीची, भीमाशंकरच्या वाटेवरची, लग्नाआधीच सोळा सोमवार केलेली. हिच्या माहेरी देवाला अळणीच चालत असणार. नव्या सुनेला तोंडावर विचारणार कोण?

“पुढल्या वर्षी आमी बी मीठ सोडलं,” आजोबा म्हणाले. “मागनं भिंतीवर लिवलं, इसरायला नगं म्हनून.”

इंद्रायणी पाराच्या कडेला टेकली. चाळीस घरं, सोळा वर्षं, आणि सगळं तिच्या एका विसरलेल्या चिमटीवर. तिला घाबरायला हवं होतं. पण आधी थक्कच व्हायला झालं.

समृद्धीनं पेन उघडून ठेवलं होतं. “आई, माहेरची रीत होती, का मीठ विसरली होतीस? तू सांगशील ते तुझ्या नावानं लिहिते.”

‘माहेरची रीत’ म्हणणं सोपं होतं. आळीची श्रद्धा शाबूत, सुनेची अब्रू शाबूत. पण मग पोरीच्या वहीत पुन्हा खोटंच उतरणार, आणि या खेपेला आईच्या नावानिशी. तिनं गाभाऱ्याकडं पाहिलं. खंडोबा काही बोलला नाही. (सोळा वर्षं बिनमिठाचं खाऊनही बोलला नव्हता.)

“इसरले व्हते, बाळा. लिही.”

प्रकल्प प्रदर्शनाला निवडला गेला. स्रोतांच्या यादीत चौथं नाव इंद्रायणीचं होतं, त्यापुढं ‘प्रत्यक्ष मुलाखत, देवळाचा पार’, आणि मॅडमचा शेरा: ‘असा स्रोत प्रथमच पाहिला.’ तिनं त्या ओळीवरून हळूच बोट फिरवलं. नारद, सूत, आणि आता आपण.

त्या बळावर तिनं चंपाषष्ठीला भरतात मीठ घातलं आणि देवळात सगळ्या बायकांसमोर खरं ते सांगून टाकलं. अंबाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तू इसरली व्हतीस, ह्ये बघितलंय कुणी?”

“मीच सांगते ना, मावशी.”

“तू सांगून कसं चालंल? तुला येऊन सोळाच वर्सं झाली. रीत लई जुनी हाय.”

समृद्धी वही घेऊन पुढं झाली. अंबाबाईंनी चष्मा लावला आणि यादी वरून खालपर्यंत वाचली.

“ह्यात बी तिचंच नाव हाय,” त्या म्हणाल्या आणि वही मिटून परत दिली.

देवापुढं एकोणचाळीस अळणी ताटं ओळीनं मांडलेली होती. चाळिसावं घेऊन इंद्रायणी घरी आली. नवी वांगी भाजायला ठेवली. साळुबाईंनी परत आलेल्या भरतात बोट बुडवून चाखलं आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

“बरं झालं परत आणलंस,” त्या म्हणाल्या. “मीठ दोनदा पडलंय.”