भाऊसाहेबांचा रविवारचा चेहरा

"आता बघाच तुम्ही!" असं भाऊसाहेब म्हणाले, की त्यांच्या बायकोच्या पोटात गोळा यायचा. या खेपेला ते हे वाक्य डॉक्टरीणबाईंना म्हणून आले होते, म्हणजे गोळा चांगलाच मोठा होता.

भाऊसाहेब एका रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेचे हेडक्लार्क. तिथले संगणक असे जुने, की चालू करताना धापा टाकायचे. त्यांच्यावर नवी प्रणाली बसवायची वेळ आली, तेव्हा प्रयोगशाळेच्या मालकीण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझ्या भाच्याला बोलावते. ही सगळी खटारी तो भंगारात काढेल."

"बाई, मी असताना भाचा कशाला? एका रविवारचं काम! याच संगणकांना तरणेबांड करून दाखवतो! आता बघाच तुम्ही!"

"आणि नाही जमलं तर?"

"तर माझी खुर्ची भाच्याला!"

झालं! बोलून बसले. एवढ्यावर थांबतील तर ते भाऊसाहेब कसले? सोमवारी सकाळी उपाशीपोटी साखर तपासून घ्यायला त्यांनी खास सासऱ्यांनाच बोलावलं. सासरे म्हणजे निवृत्त हेडमास्तर. जावयाबद्दल आजवर चांगला शब्द नाही. लग्नात एकदाच "ठीक आहे" म्हणाले होते, तेही फोटोग्राफरला. एकदा तरी या माणसाच्या तोंडून "वा!" ऐकायचं, ही भाऊसाहेबांची जन्माची हौस. सोमवारचा मुहूर्त त्यांनी त्यासाठीच धरला होता.

रविवारी भाऊसाहेबांनी बाह्या सरसावल्या. खोकी उघडली, आतली जळमटं ब्रशनं झाडली, नवे सुटे भाग बसवले, वायरी ओठांत धरल्या, आणि दुपार कलायच्या आत खरंच सांगतो, सगळे संगणक नव्या प्रणालीवर सुरू! घरघर नाही, धाप नाही. भाऊसाहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात मुख्य संगणकानं विचारलं, पासवर्ड हवा, की कॅमेऱ्यात बघून चेहऱ्यानं कुलूप उघडायचं?

"पासवर्ड कशाला? चेहरा घे माझा!" भाऊसाहेब गरजले. छाती पुढे, हनुवटी वर, एक भुवई कपाळाच्या मध्यावर, मिशीत हसू. संगणकानं तो चेहरा घेतला. भाऊसाहेबांनी त्याच ऐटीत स्वतःचा फोटो काढून सगळ्या ऑफिसला पाठवला आणि शीळ घालत घरी गेले.

सोमवारी बाकांवर उपाशी माणसांची गर्दी. प्रत्येकाच्या पोटात कावळे ओरडताहेत. आता इथला नियम असा, की मुख्य संगणकातून नावाचं लेबल निघाल्याशिवाय कुणाला सुई टोचायची नाही. हातानं लिहिलेली चिठ्ठी डॉक्टरीणबाईंना चालत नसे. लेबल नाही तर रक्त नाही, आणि रक्त नाही तर चहा नाही! पहिल्याच बाकावर सासरे, काठीवर हनुवटी टेकून.

भाऊसाहेब जरा घाबरतच संगणकासमोर बसले. सासरे बघत होते ना!

पडद्यावर अक्षरं आली : चेहरा ओळखीचा नाही.

"अरे, मीच तो!" भाऊसाहेबांनी चष्मा काढला. ओळखीचा नाही. चष्मा लावला, भांग बदलला, गाल फुगवले. नाही म्हणजे नाही! घाम फुटला तसा चेहरा आणखीच परका झाला. नुकतंच आत आलेलं एक जोडपं हे बघून दारातच थबकलं.

"अहो, इथे आधी चेहऱ्याची तपासणी होते वाटतं," जोडप्यातल्या बाई म्हणाल्या, आणि नवऱ्यासह बाकावर बसून गाल फुगवायला लागल्या. त्यांचं पाहून शेजारच्या आजोबांनी डोळे वटारले. बघता बघता अर्धी खोली तोंडं वेडीवाकडी करत बसली! डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांनी ती खोली पाहिली आणि सरळ भाच्याला फोन लावला.

"निघालाय तो," त्या म्हणाल्या.

भाऊसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. खुर्ची गेली आणि सासऱ्यांसमोर अब्रूही!

काउंटरवरच्या ताईनं मोबाईलवर रविवारचा फोटो उघडून त्यांच्या चेहऱ्याशेजारी धरला. "भाऊसाहेब, हा चेहरा तुमच्याकडे आज नाहीच! हा ऐटीतला आहे. ऐट आणा!"

"कुठून आणू? काल होती ती सगळी संपली!"

त्यांनी भुवई चढवून पाहिली, तर दाढ दुखत असल्यासारखं दिसलं. मग गाल फुगवणाऱ्या बाई ओरडल्या, "भाऊसाहेब, तुमच्यासारखा हुशार माणूस नाही हो!" सगळ्या खोलीनं री ओढली. पण उपाशी माणसांची स्तुती ती, तिला कुठली चव? भुवई हलली आणि पुन्हा खाली बसली.

तेव्हा सासरे उठले. काठी टेकत ते जावयाच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"जावईबापू," ते घसा खाकरून म्हणाले, "मुलीनं तुम्हाला पसंत केलं, तेव्हा मी नको म्हणालो होतो. चुकलो मी. तिची पारख माझ्याहून चांगली निघाली."

भाऊसाहेबांचे डोळे भरून आले. मग छाती वर आली, हनुवटी उचलली, भुवई आपसूक कपाळाच्या मध्यावर गेली. खट्! कुलूप उघडलं! लेबलं सटासट निघू लागली, सुया टोचल्या जाऊ लागल्या आणि खोलीत टाळ्या पडल्या. दारात पोहोचलेल्या भाच्याला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तू आलायसच, तर रांगेत बस. तुझंही रक्त तपासून टाकू."

थोड्या वेळानं, कोपराच्या खळग्यात कापूस दाबून सासरे शेजारच्या टपरीवर चहा घेत होते. भाऊसाहेब तरंगतच तिथे पोहोचले. "मामा, मघाचं ते... मनापासून म्हणालात ना?"

सासऱ्यांनी बिस्किट चहात बुडवलं. "जावईबापू, रिकाम्या पोटी माणूस काय वाट्टेल ते बोलतो."

भाऊसाहेबांचा चेहरा खाडकन पडला, आणि नेमकी त्याच वेळी ताई धावत आली. "भाऊसाहेब, चला लवकर! कुलूप पुन्हा बंद झालंय! चेहरा मागतंय!"

भाऊसाहेबांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी त्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग उरलेला चहा एका घोटात संपवून त्यांनी काठी उचलली.

"चला," ते म्हणाले. "आता काय म्हणू?"