उमरीवाले, उठा!

गुंडांच्या पिक्चरचा खरा अर्थ उभ्या मराठवाड्यात दोनच माणसांना कळला होता. एक उमरीचे हणमंतराव. दुसऱ्याचं नाव त्यांना अजून सुचायचं होतं.

पुरावा? सत्तावीस पिक्चर! सगळे मुदखेडच्या टॉकीजात, तीनच्या खेळाला, बाकावर बसून पाहिलेले. तरुणपणी उमरीहून मुदखेडला यायचं, पिक्चर पाहायचा आणि साडेपाचच्या पॅसेंजरनं परतायचं. पिक्चर सहाला सुटायचा. पण गाडी काही हिरोला विचारून सुटत नव्हती. म्हणून टॉकीजनं खास सोय केली होती. बरोबर सव्वापाचला डोअरकीपर जलीलभाई दाराचा पडदा सारायचे, बॅटरीचा उजेड फिरवायचे आणि ओरडायचे, "उमरीवाले, उठा!"

तोवर पडद्यावर हमाली करणारा पोरगा शहराचा राजा झालेला असायचा. पांढरा सूट, बंगल्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना सलाम. चाळीस-पन्नास उमरीवाले त्याला तसाच उभा सोडून, छाती काढून स्टेशनाकडे पळायचे.

राजाचं पुढे काय होतं, हे त्यामुळे उमरीत कुणाला माहीत नव्हतं. आणि आपल्याला माहीत नाही, हेही माहीत नव्हतं! पुढं तेच पिक्चर टीव्हीवर लागले, तर शेवटाआधी लाईट जायची. गाव कमालीचं आशावादी निघालं. पडलेला उमेदवारसुद्धा गुलाल उधळून घरी जायचा!

तर एका शुक्रवारी सकाळी हणमंतरावांच्या मुलीचा, सुकन्याचा, नांदेडहून फोन आला. ती तिथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे दर जूनमध्ये आपलीच नोकरी पुन्हा नव्यानं मागायची.

"बाबा, पुण्याचे पाहुणे ऐनवेळी नाही म्हणाले! दुपारी व्याख्यान आहे. कार्यक्रम फसला तर पुढच्या वर्षी माझे तास गेले!"

"विषय काय?"

"गुंडपटांचा गूढार्थ."

"मग पुण्याला कशाला फोन लावून राहिली होतीस गं माय? मी काय मेलो होतो?"

हणमंतरावांनी कडक इस्त्रीचं धोतर नेसलं आणि वाटेत मुदखेडला जलीलभाईंना उचललं. "चला. साक्षीदार लागंल."

हॉलवर भलामोठा बॅनर होता : 'गुंडपटांचा गूढार्थ : उदय आणि अस्त'. हणमंतराव थबकले.

"अस्त कशाला लिवला? बॅनरवाल्याकडं जागा उरली वाटतं!"

जलीलभाईंनी नुसतं खोकून घेतलं.

हणमंतराव माईकपुढे उभे राहिले. समोर पहिल्या रांगेत प्राचार्य होते. निवृत्तीचं वय होऊन गेलेलं, दुसरी मुदतवाढ सुरू.

"पोरांनो, हे पिक्चर बंदुकीचे नसतात, चहाचे असतात!"

पोरांनी हातातले मोबाईल खाली ठेवले.

"सुरुवातीला तो टपरीवर चहा पितो. चार दोस्तांत एक कप, पण वाफ निघणारा! मध्यंतराला त्याला कपबशी येते. दोस्त तेच, पण आता उभे. मग तो लई मोठा होतो. आता त्याचा चहा आधी दुसराच कुणी पिऊन बघतो. तो जगला तर मग ह्याला मिळतो. निवलेला! माणूस किती वर चढला ते बंगल्यावरून मोजू नका. त्याचा चहा किती गार झाला, ते बघा!"

टाळ्यांनी छताची जळमटं हलली! दोन प्राध्यापकांनी वाक्य लिहून घेतलं. दोघांनीही आपल्या नावावर. सुकन्याच्या चेहऱ्यावर रंग परतला.

"वा!" प्राचार्य म्हणाले. "आता अस्ताकडे या."

"कुणाच्या?"

"नायकाच्या."

"का? त्याला काय झालं?"

हॉल हसला. वक्त्याचा विनोद भारी होता! पण कशिश नावाची एक विद्यार्थिनी उभी राहिली.

"सर, शेवटी तो मरतो ना?"

"कोण म्हणतं? सत्तावीस पाहिले मी. एक न्हाई मेला!"

"पण शेवट पाहिलात का, सर?"

"शेवटच तर सांगून राहिलो! तो पायऱ्यांवर उभा ऱ्हातो."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर आमची गाडी!"

प्राचार्यांनी पेनाला टोपण लावलं. सुकन्याला समोर जून महिना दिसू लागला.

जलीलभाईंना राहवेना. ते उठले. "साहेब, ह्यांचा कसूर न्हाई. ह्यांना मीच उठवायचो. अठरा वर्षं. एकदा बी गाडी चुकू दिली न्हाई!"

"उठवायचा म्हणजे?" प्राचार्यांनी विचारलं.

जलीलभाईंनी तोंडाला हात लावले. "उमरीवाले, उठाऽऽ!"

आणि मागच्या रांगेतली उमरीची तीन पोरं खरंच उठली! टॉकीज बंद पडल्यानंतर जन्मलेली. पण रक्तात होतं. एकानं तर पिशवीही उचलली.

हॉल हसून कोसळला! पोरं बाकं बडवू लागली. एवढा हॉल खूश झाल्यावर आपल्याला काहीच कळलं नाही असं दिसणं प्राचार्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी माईक हातात घेतला.

"हाच तो गूढार्थ! शिखरावर पोचल्यावर कधी उठायचं, हे नायकाला कळत नाही. उमरीच्या प्रेक्षकाला कळतं!" एवढं बोलून मुदतवाढवाले प्राचार्य पुन्हा आपल्या खुर्चीत घट्ट बसले.

मग शाल, नारळ आणि स्टेजवरूनच घोषणा : "सुकन्या मॅडम पुढच्या वर्षीही आपल्याकडेच!" पोरांनी हणमंतरावांना फाटकापर्यंत खांद्यावर नेलं. राजालाही पायऱ्यांवर इतके सलाम मिळाले नव्हते.

स्टेशनावर तिघंच उरल्यावर हणमंतरावांनी हळूच विचारलं, "माय, तो खरंच मरतो?"

"हो बाबा."

"एखादाच ना?"

"सगळे."

ते जलीलभाईंकडे वळले. "तुम्हाला ठाव होतं?"

"हाव."

"मग बोलले न्हाई कधी?"

"तुम्ही लई खुशीत पळायचे, हणमंतराव. कसं सांगू?"

हणमंतरावांनी नारळाची शेंडी कुरवाळली.

"त्या पोरीचे मार्क कापू नको. बरोबर बोलत होती ती."

"नाही कापत."

"आन् उमरीत ह्यातलं एक अक्षर न्हाई बोलायचं! पुढच्या महिन्यात सोसायटीची निवडणूक हाय. एक माणूस फॉर्म भरायचा न्हाई!"