पावशेर मोहरी आणि आल्डरबी रोव्हर्स

शांतवन मिस्त्री वाण्याच्या दुकानात गेले की आधी पुडीचा कागद वाचायचे आणि मग त्यात काय बांधून घ्यायचं ते ठरवायचे.

नगरला मास्तरकीला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात मी हे पाहिलं. उंच, सावळे, पन्नाशीचे गृहस्थ. कानावर सुताराची जाड पेन्सिल, ओठावर झुपकेदार मिशी आणि मिशीत लाकडाचा भुसा. दुकानदार पन्नाशेठनी रद्दीचा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. मिस्त्रींनी एकेक इंग्रजी पान डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, एक बाजूला काढलं आणि म्हणाले, "ह्याच्यात बांधा."

"काय बांधू?"

"काई बी बांधा."

पन्नाशेठनी सवयीनं पावशेर मोहरी बांधली. मागाहून कळलं, मिस्त्रींच्या घरी तेव्हा मोहरीचे दोन डबे भरलेले होते आणि तिसरा भरत आला होता. त्यांची बायको मार्थाबाई भाजीला, आमटीला, कशालाही मोहरीचीच फोडणी देई आणि नवऱ्याच्या नावानं खडे फोडी.

माझी खोली मिशनच्या कंपाउंडाला लागून होती. मिस्त्री मिशनच्या शाळेत पोरांना सुतारकाम शिकवत. मला इंग्रजी येतं असा त्यांचा समज झाला आणि दुसऱ्याच दिवशी ते मोहरीच्या वासाचा कागद घेऊन दारात उभे राहिले.

"मास्तर, एवढा शब्द सांगा. ह्येचा अर्थ लागला की यंदा सांधा बसतोय."

'यंदा सांधा बसतोय' हे त्यांचं पालुपद. ते खुर्चीबद्दल नव्हतं. ते आल्डरबी रोव्हर्सबद्दल होतं.

आता हे प्रकरण मला जसं समजलं तसं सांगतो, कारण नीट कधीच समजलं नाही. आल्डरबी हे विलायतेतलं एक गाव. तिथं पगारी खेळाडूंचा फुटबॉलचा संघ. त्या संघातून एक वर्ष खेळलेला एक गोरा कार्पोरल भिंगार कॅम्पात होता. तो संध्याकाळी मिशनच्या मैदानावर यायचा आणि मिस्त्रींचा एकुलता एक मुलगा दानियेल याला खेळ शिकवायचा. जाताना आपला जुना निळा-पिवळा सदरा दानियेलला देऊन गेला. कार्पोरल गेला, पण आल्डरबी मिस्त्रींच्या घरात राहिली. कॅम्पातली रद्दी पन्नाशेठकडे यायची, तीत विलायतेची वर्तमानपत्रं असायची, आणि बापलेक त्यांतून आल्डरबी शोधून काढायचे.

अडचण अशी की पन्नाशेठ रद्दी तारखेप्रमाणे फाडत नसत. एका पुडीत आल्डरबी पहिली असे, दुसरीत शेवटून तिसरी. एका पानावरचा गोलकीपर दुसऱ्या पानावर निवृत्त होऊन दुकान टाकून बसलेला असे. मी म्हणायचो, "मिस्त्री, ही वेगवेगळ्या वर्षांची पानं आहेत."

"आसंना का. मधी घसरली आसंल. परत चढंल."

सगळा हिशेब दाराच्या मागच्या बाजूला असायचा. तिथं सुताराच्या पेन्सिलीनं बावीस संघांची नावं लिहिलेली होती, आणि हंगाम सुरू होण्याआधीचे अंदाज छापलेलं पान सापडलं की मिस्त्री आपला अंदाज समोर मांडायचे. तेवढ्या दाराला रंग लावायला मार्थाबाईंना बंदी होती. खेळाडूंची पारख ते लाकडासारखी करत. "ह्यो मधला गडी सागवान हाय. ह्ये दोन फारवर्ड आंब्याची फळी, पावसात फुगत्यात. गोलकीपर मातर बाभळीचा. तासता तासत न्हाई." या माणसानं त्यांतला एकही खेळाडू चित्रातसुद्धा पाहिला नव्हता. मी हे एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, "नावावरनं कळतं की."

लढाई सुरू झाली, दानियेल मोटारींचं काम शिकून फौजेत भरती झाला, आणि निघायच्या आदल्या दिवशी बापलेकांत पैज लागली. एका पुडीवर नव्या हंगामाचे अंदाज आले होते. मिस्त्री म्हणाले, आल्डरबी पहिल्या चारांत येणार. दानियेल म्हणाला, शेवटच्या दोनांत येऊन खालच्या वर्गात जाणार. दानियेल हरला तर श्रीगोंद्याच्या मास्तरणीच्या मुलीशी मुकाट्यानं लग्न करायचं. मिस्त्री हरले तर मिशी काढायची.

"ह्यांची मिशी?" मार्थाबाई मला म्हणाल्या. "लगनात बी हुती. बिनमिशीचा मानूस म्या बघितलाच न्हाई."

दारामागे एका बाजूला 'बाबा : चौथा' आणि दुसऱ्या बाजूला 'दान्या : शेवटून दुसरा' असं लिहून दानियेल गेला. आफ्रिकेला, एवढंच आम्हाला कळलं.

मग मिस्त्रींना त्या हंगामाचं काय झालं याचा ध्यास लागला. एके दिवशी अर्धं पान सापडलं. मथळ्यात आल्डरबीचं नाव, सामन्यांविषयी काहीतरी महत्त्वाचं, आणि नेमकं खाली फाटलेलं. पन्नाशेठना आठवलं : उरलेल्या अर्ध्यात कर्जतच्या एका बाईंना लग्नाची हळद बांधून दिली होती.

रविवारी मिस्त्री मला घेऊन कर्जतला निघाले. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मोटारी कोळशावर चालत. आमची मोटार प्रत्येक चढाला थांबे, ड्रायव्हर उतरून शेगडी ढोसे, आम्ही उतरून ढकलत असू. मी कशासाठी चाललो आहे हे मला कळत नव्हतं, आणि विचारलं तर मिस्त्री म्हणत, "मास्तर, हळदीचा कागद कुनी फेकत न्हाई."

लग्नघर सापडलं. आम्हाला पाहून बायकांनी आधी पाय धुवायला पाणी दिलं, मग जेवायला बसवलं. आम्ही नवऱ्यामुलाकडचे कोणी मानकरी आहोत अशी त्यांची समजूत. मला ती दूर करायचा धीर झाला नाही आणि मिस्त्रींना गरज वाटली नाही. लाडू खाऊन झाल्यावर त्यांनी हळूच कागदाचं काढलं.

"कागुद?" घरधनीण कमरेवर हात ठेवून म्हणाली. "हळदीचा कागुद मागाया नगरास्नं आलात? आन् म्या तुमाला मानाचं ताट वाढलं!"

"लई चांगलं हुतं ताट," मिस्त्री मनापासून म्हणाले.

बाई हसली. दिव्याच्या कोनाड्यात खाली अंथरलेला पिवळा कागद तिनं काढून दिला. परतीच्या मोटारीत मिस्त्रींनी तो वाचला. बराच वेळ वाचला. मी म्हटलं, "काय निघालं?"

"जाहिरात हाय. साबनाची," असं म्हणून त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. एका साबणाच्या जाहिरातीसाठी दिवस घालवला म्हणून मी नगर येईपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही.

त्यांनी मात्र आल्डरबी सोडली नाही. उलट दानियेलला पत्रांमागून पत्रं जाऊ लागली : आल्डरबी सातवी आहे, आता पाचवी, मधला सागवानी गडी दुखावला पण पुढच्या आठवड्यात येईल. मी विचारलं, "मिस्त्री, हे कुठल्या पुडीत वाचलंत?" ते मिशीवरचा भुसा झटकत म्हणाले, "हाय एक पुडी." दानियेलचीही उत्तरं यायची. "बाबा, जास्त उड्या मारू नका, वस्तऱ्याला धार लावून ठेवा."

मग सरकारी तार आली. दानियेल बेपत्ता.

मृत नाही, कैदी नाही, बेपत्ता. त्या शब्दाचं काय करायचं हे कंपाउंडात कुणालाच कळेना. पाद्रीसाहेबांनी प्रार्थना केली, पण तीही 'तो जिथे असेल तिथे' अशी अडखळत. महिने गेले. मार्थाबाई दर टपालाला दारात उभ्या राहायच्या. आणि मिस्त्री? ते पन्नाशेठच्या दुकानात रद्दी चाळत होते! एकदा मला हाक मारून म्हणाले, "मास्तर, यंदा सांधा बसतोय." मला इतका राग आला की मी सरळ खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पोरगा कुठं आहे याचा पत्ता नाही आणि हा माणूस फुटबॉल घेऊन बसलाय, असं मी पन्नाशेठना बोलूनही दाखवलं. ते आठवलं की अजून लाज वाटते.

आणि एका सकाळी मिस्त्री बिनमिशीचे घराबाहेर आले.

पहिल्यांदा पाहिलं पन्नाशेठनी. त्यांनी दुकानाची फळी लावली आणि टोपी हातात घेऊन मिस्त्रींच्या अंगणात येऊन बसले. मिशी काढली म्हणजे घरात कुणीतरी गेलं, हे आमच्या गल्लीला पक्कं ठाऊक. बाप मुलासाठी मिशी काढत नाही आणि ख्रिस्ती माणूस तर कुणासाठीच काढत नाही, एवढा विचार कुणी केला नाही. मीही नाही. घटकाभरात अंगण भरलं. बायकांनी गळा काढला. मिस्त्री एकेकाकडे गोंधळून बघत होते. लोक का रडताहेत हे त्यांना कळेना, आणि हे रडत का नाहीत हे लोकांना कळेना. कुणीतरी त्यांना मिठी मारली. त्यांनीही रीत म्हणून त्याची पाठ थोपटली.

तेवढ्यात मार्थाबाई विहिरीवरून आल्या. अंगणातली रडारड पाहिली आणि घागर हातातून सुटली. त्यांना वाटलं, आपण पाण्याला गेलो तेवढ्यात तार आली. "माझा दान्या!" असं ओरडून त्या खालीच बसल्या. ते ऐकून लोकांची खात्री पटली आणि ते आणखी मोठ्यानं रडू लागले.

"आरं गप बसा!" मिस्त्री एवढ्या मोठ्यानं ओरडलेले मी पहिल्यांदा ऐकले. "कोन गेलं? कुनी गेलं न्हाई! मी हरलो, मी! पैज हरलो!"

पन्नाशेठनी टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. मार्थाबाई उठल्या, नवऱ्याच्या उघड्या ओठाकडे पाहिलं आणि त्यांना दोन्ही हातांनी मारायला लागल्या. मारता मारता त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडल्या.

लोक गेल्यावर मी विचारलं, "मिस्त्री, हरलात कसे? हंगामाचा निकाल मिळाला?"

त्यांनी हत्यारांच्या पेटीतून एक पिवळा कागद काढला. कर्जतच्या हळदीचा. मी वाचला. लढाई जाहीर झाल्यामुळे हंगामातले सगळे सामने बंद करण्यात येत आहेत, एवढंच त्यात होतं. साबणाची जाहिरात नव्हती.

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग ती पत्रं? सातवी, पाचवी?"

त्यांनी आणखी एक कागद पुढं केला. दानियेलचं शेवटचं पत्र, आईला लिहिलेलं. 'आई, इथले गोरे सांगतात की सामने केव्हाच बंद पडलेत. बाबांना सांगू नकोस. त्यांची पत्रं आली की बरं वाटतं.'

"हिला वाचता येत न्हाई," मिस्त्री म्हणाले. "तिची पत्रं मीच वाचून दावतो. गडी इसरला." आणि हसले. मिशी नसल्यामुळे ते हसू किती थरथरतंय ते दिसलं.

मी म्हटलं, "पण सामनेच झाले नाहीत, तर हरलं कुणीच नाही."

"त्ये मला कळतंय, मास्तर. पर मी जितलो तर त्याला लगनाला हुबं ऱ्हावं लागनार. पोरगी त्याला पसंत नव्हती. त्यापायी तर त्यो येत नसंल? आसं रोज मनात यायचं. तवा म्हटलं, आपुनच हरावं. हरलेल्या बापाचं त्योंड बघाया तरी यील." त्यांनी पाकीट माझ्यापुढं ठेवलं. "पत्ता तेवढा इंग्रजीत लिवा."

कुठला पत्ता लिहायचा? मी जुन्या पलटणीचा लिहिला. आतल्या पत्रात दोनच ओळी होत्या : 'दान्या, मी हरलो. मिशी परत वाढायच्या आत ये.'

ते पत्र कुणाला मिळालं, मिळालं की नाही, देव जाणे.

लढाई संपली. विलायतेत सामने पुन्हा सुरू होणार अशी बातमी आली. मी कॅम्पातल्या एका ओळखीच्याकडून ताजं वर्तमानपत्र मिळवलं. तारखेचं, न फाटलेलं, नव्या हंगामाचे अंदाज असलेलं. रविवारी सकाळी ते घेऊन मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पान उलगडलं, आल्डरबीवर बोट ठेवलं, सगळं वाचलं. मी त्यांच्याच कानावरची पेन्सिल काढून त्यांच्या हातात दिली. दारामागे 'चौथा' आणि 'शेवटून दुसरा' अजून तसेच होते.

"बोला मिस्त्री. यंदा सांधा बसतोय का?"

त्यांनी पेन्सिल परत कानावर ठेवली.

"आत्ताच न्हाई, मास्तर. आधीची पैज फिटली न्हाई अजून. त्यो यिऊन माझं त्योंड बघून जाऊ दे, मग नवी लावू."

पान घडी करून त्यांनी हत्यारांच्या पेटीत ठेवलं, ओठावरून बोट फिरवून खुंट लागतात का पाहिलं, आणि चर्चची घंटा व्हायच्या आत दर रविवारसारखे न्हाव्याकडे गेले.