लटारीभाऊंचं सांडतं नेट

या, अशा जवळ बसा. दारातूनच "बरं हाय ना?" विचारून पळायची तुमची सवय मला मुळीच आवडत नाही. बसल्याशिवाय आमचे लटारीभाऊ कळायचे नाहीत.

आरमोरीतले माझे शेजारी. लॅपटॉप सुरू करायच्या आधी घराच्या खिडक्या लावून घेणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. काऊन म्हणाल तर, "नेट सांडते, बाई!"

डाटाकार्ड लांब वायरनं वाशाला टांगलेलं. त्याच्यामागे पोह्याची स्टीलची चाळणी. ती "नेट धरून ठेवते." लॅपटॉप दिला मुलानं, बाळूनं. तो जहाजावर. बंदर लागलं की त्याचा फोन येतो, तोंड दिसते असा. मग पुन्हा समुद्र. फोन केव्हा येईल नेम नाही, म्हणून लटारीभाऊ दिवसभर तयार. वर इस्त्रीचा सदरा, खाली गमछा. "खालचं कुठी दिसते त्याले?" त्या कार्डाला मात्र कोणी हात लावायचा नाही.

आणि माझी नात ममता नेमकी त्याच कार्डासाठी दारात उभी! नर्सिंगचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, पाचपर्यंतच मुदत. अर्धा फॉर्म मैत्रिणीच्या लॅपटॉपात भरलेला, तो लॅपटॉप काखेत, आणि लाईट गेली म्हणून गावातला नेट कॅफे बंद.

"कार्ड काढलं अन् बाळूचा फोन आला तं?"

"आजोबा, कार्ड नोका काढू. तुमच्या लॅपटॉपातून हवेतूनच माझ्यात घेतो."

भाऊंचा चेहरा उजळला. "हवेतून! म्हंजे मी सांगून राह्यलो तेच ना? सांडते ना?"

मग काय! खिडक्या बंद, दार बंद, फटीत गोणपाट. "आता सांडलं तरी घरातच सांडन." पंखा नाही. आम्ही तिघं घामानं निथळतोय. फोटो चढवायची निळी पट्टी मुंगीसारखी सरकतेय. त्यात भाऊंच्या लॅपटॉपची बॅटरी लाल झाली. तो बंद पडला की ममताचं नेटही गेलं.

तेवढ्यात घंटी वाजली. स्क्रीनवर बाळूचा फोटो.

ममताचे हात थांबले. "घ्या आजोबा. घ्या ना."

"घेतला तं तुहं?"

तिनं आपल्या स्क्रीनकडे बोट केलं. घंटी वाजल्यापासून पट्टी अडली होती.

भाऊंनी सवयीनं कॉलर नीट केली. फोटोकडे पाहिलं, आणि लाल बटण दाबलं. "मंग बोलू, बाळू. पोरगी बसून हाय घरात."

पुन्हा वाजला. पुन्हा तोडला. मी देवाचं नाव घेत होते, तेही धड आठवेना. "झाला!" ममता किंचाळली. बघता बघता भाऊंचा लॅपटॉप काळा पडला.

लाईट आली संध्याकाळी. तोवर बाळूच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझलेला. तरी भाऊ सदरा घालून समोर बसलेले. मी चहा नेला. कप त्यांच्यापुढे ठेवला.

तेच म्हणाले, "बाई, ममता उद्या येईन का?"

"फॉर्म तं भरला, भाऊ."

"तसं नाई. नेट हाय ना अजून."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खिडक्या सताड उघड्या. मी विचारलं, तर म्हणाले, "सांडू दे. कोनी घ्याले तं येईन."

तेव्हा तुम्ही लवकर या. चहा माझ्याकडे घ्या, पण घडीभर त्यांच्याकडे बसा. लॅपटॉप नसला तरी चालेल. सदरा घालून ते तयारच असतात.