पॅरिसवाला पाणी विचारत नाही

आमचे आप्पा भर दुपारी टॅबलेट घेऊन आवारात जातात आणि पॅरिसच्या दुकानातला कोट उन्हात धरून बघतात.

उन्हात टॅबलेटवर काय दिसणार? स्वतःच्या मिशा. आप्पा त्या मिशा थोडा वेळ निरखतात आणि निकाल देतात, "रंग टिकत न्हाय ह्याचा. उन्हात पार काळा पडला."

आप्पा म्हणजे माझे मामा. निपाणीत त्यांचं साड्यांचं दुकान होतं. "दिव्याच्या उजेडावर भुलू नगा वैनी," म्हणत त्यांनी जन्मभर साड्या पायरीवर नेऊन खरा रंग दाखवला. बोलायचं काम आप्पांचं. माल कुठला घ्यायचा, हे मात्र मामी ठरवायची. तिला सगळे आक्का म्हणतात. ती पदर चिमटीत धरून बघायची, आणि तिनं मान हलवली की व्यापारी गुमान गाठोडं बांधायचा.

दुकान बंद करून दोघं टिळकवाडीत आमच्याच अपार्टमेंटच्या तळमजल्यावर राहायला आली, आणि इथं आल्यावर आक्काचे डोळे गेले. म्हणजे कडेकडेनं दिसतं, नेमकं समोरचं दिसत नाही, आणि उजेड तर सुयांसारखा टोचतो. ऑपरेशनचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून तिनं कपाट उघडलेलं नाही. माझ्या बायकोनं नवी साडी दाखवायला नेली, तर हातही न लावता म्हणाली, "मला काय इचारतीस गं? मला आता पोतं काय आन् पैठणी काय."

दुसऱ्या दिवसापासून आप्पा टॅबलेटवर वेबसाइटी बघायला लागले.

त्याही साध्यासुध्या नाहीत. जगातल्या महागड्यात महागड्या कपड्यांच्या. घ्यायचं काही नाही, नुसती पारख. नावं जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी सगळ्यांची बारशी केली: पॅरिसवाला, मिलानवाला, लंडनचा म्हातारा.

"पॅरिसवाल्याला धंदा कळत न्हाय," आप्पा मला सांगतात. "पाय टाकायच्या आत दारातच इमेल मागतो. अरं, आधी बर्री, कुंड्री म्हण! पाणी तरी इचार!"

'बर्री, कुंड्री' म्हणजे 'या, बसा'. दुकानात निम्मं गिऱ्हाईक चिकोडीकडचं कन्नड बोलणारं. पण आप्पा हे मराठी गिऱ्हाइकालाही म्हणायचे, पोस्टमनलाही म्हणायचे.

लंडनच्या म्हाताऱ्यानं सगळा माल कोपऱ्यातल्या तीन रेघांच्या बटणामागं दडवलाय. "चोरीचा हाय काय?" मिलानवाल्याकडं आत गेलं की नुसता सिनेमा. "पोरगी वाळवंटातनं चालतीया, चालतीया. कापड कुठाय रं?" आणि चुकून कापड सापडलंच, तर आप्पा ते दोन बोटांनी ताणून बघतात. चित्र धूसर झालं की दुकान नापास. "ताणलं की इरतंय."

मला आमची बायको कोथिंबीर आणायलाही एकटं पाठवत नाही. तेव्हा या विषयावर मत द्यायचा मला अधिकार नव्हता. तरी दिलं. म्हटलं, "आप्पा, या लोकांचं डिझाइन फार पुढारलेलं असतं."

"असं व्हय?" त्यांनी टॅबलेट माझ्या हातात दिला. "मग त्यातली एक शाल काढून दाखीव."

मी आधी पुरुषांच्या कंबरपट्ट्यांत अडकलो, तिथून अत्तरांत घसरलो आणि शेवटी एका लांबलचक अर्जापाशी पोचलो.

"घावली शाल?"

"शाल नाही, पण नोकरी मिळेल असं दिसतंय."

परवा सकाळी आप्पांचा फोन आला. "लगोलग खाली ये. दुकान घावलं!"

"पळा!" बायको म्हणाली. "मामांनी काहीतरी विकत घेतलं!"

मी बनियनवरच जिना उतरलो. आप्पांचं दार उघडं होतं आणि आत काळोख. खिडक्यांचे सगळे पडदे ओढलेले. मधोमध खुर्चीवर आक्का, आणि तिच्या मांडीवर टॅबलेट धरून आप्पा जमिनीवर मांडी घालून बसलेले. दुकानात गादीवर बसायचे, तसे.

"बघ की गं. ही शाल कितीबी ताण, इरत न्हाय," ते म्हणत होते. "बर्री, कुंड्री म्हणत न्हाय, पर माल दाखवतंय."

त्यांनी दोन बोटं फाकवली. टॅबलेटच्या काळ्या, डोळ्यांना न टोचणाऱ्या काचेवर शालीची किनार वाढत गेली, एकेक धागा सुतळीएवढा झाला. आक्कानं मान तिरकी केली आणि डोळ्याच्या कडेनं बघायला लागली. मी दारातच थांबलो.

बऱ्याच वेळानं आक्कानं काचेवर बोट टेकवलं.

"अवो, हितं दोरा सुटलाय."

"व्हय?"

"व्हय म्हंजे? तुमास्नी दिसत न्हाय? लई ढिलं इणलंय. परत पाठवा ह्यो माल."

"पाठवतो, पाठवतो," आप्पा घाईघाईनं म्हणाले. "दुसरी दाखवू?"

"दाखवा की. पर आधी त्यो पडदा नीट करा. उजेड येतोय."

आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले, आणि फटीतून येणारी उन्हाची तिरीप त्यांनी हलक्या हातानं बंद केली.