सीधा वर, सीधा खाली

आमच्या इमारतीत नवा बिऱ्हाडकरू आला की लोक त्याला गाव विचारतात, आडनाव विचारतात, फारच भोचक असले तर भाडं विचारतात. तिसऱ्या मजल्यावरचे दिगांबर नंदनवारजी विचारतात, "वजन किती तुमचं?" बरं, सांगितलेल्या वजनावर त्यांचा विश्वास नसतो. गच्चीच्या दाराशी त्यांनी इतवारीतून आणलेला धान्याचा काटा मांडून ठेवला आहे. त्यावर उभं केल्याशिवाय ते कोणाला वर सोडत नाहीत.

याचं कारण ऐका आणि कपाळाला हात लावा. विजेवर चालणारी, जागच्या जागी वर उठणारी आणि जागच्या जागी उतरणारी छोटी विमानं लवकरच रिक्षासारखी भाड्याने धावणार आहेत, असं नंदनवारजींनी ठरवून टाकलं आहे. नागपुरातला त्यांचा पहिला स्टँड म्हणे आमच्या धरमपेठेतल्या गच्चीवर होणार. विमानात सगळा खेळ वजनाचा, म्हणून सवाऱ्या आधीच तोलून ठेवायच्या. "सीधा वर, सीधा खाली! मंधात खड्डा नाही, सिग्नल नाही, गाय नाही," हे त्यांचं पालुपद. सकाळी दूध आणायला जाताना एकदा आणि येताना एकदा, असं मी ते रोज ऐकतो.

मी या इमारतीचा सेक्रेटरी आहे. एवढं लिहिलं तरी माझं डोकं दुखायला लागतं.

माणूस मूर्ख असता तर सोडून दिलं असतं. पण यांनी गांधीबागेच्या कापडबाजारात जन्मभर लुगड्यांचा ठोक धंदा केला आहे. त्यांच्याशी वाद घालायला गेलं की आपणच कापून, मोजून, घडी होऊन परत येतो.

"नंदनवारजी, तिकीट कोणाला परवडणार हो?" मी एकदा विचारलं.

"साहेब, पयले मोठे लोक बसतीन. मंग डाक्टर-वकील बसतीन. मंग तुमी-मी. मोबाईल आला तवा लोक मिनिटाचा भाव ऐकून घाबरत होते. आता भाजीवालीजवळ दोन हायेत."

"आणि बॅटरी? आपल्या मे महिन्यात माणसाची बॅटरी उतरते."

"मंग सकाळी उडवू. तुमी तरी मे मंधी दुपारी घराभाईर निघता का?"

"अहो, त्या कंपन्या पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत बसल्यात. काहींचे तर पैसेच संपले."

"कपड्यातही असंच असते जी. पयला बुडते, दुसरा कमावते, आन् तिसरा म्हणते, मले तं पयलेच ठाऊक होतं."

"मग आपण कितवे?"

"आपण जागावाले," ते शांतपणे म्हणाले. "जागावाला कधी बुडत नाही."

मी दुधाची पिशवी घेऊन घरी आलो.

माझ्या मुलीच्या साक्षगंधाला तर त्यांनी कहर केला. कार्यक्रम गच्चीवर होता. मुलाकडची मंडळी जिना चढून आली, तर दाराशी हे काटा घेऊन उभे! मी धावत पोचेपर्यंत विहीणबाई काट्यावर चढल्या होत्या आणि हे खणखणीत आवाजात सांगत होते, "ब्याऐंशी! यायले दोन सीटा लागतीन!" विहीणबाईंनी त्या दिवशी ताटातल्या पुरणपोळीला बोट लावलं नाही. मुलगी आता सुखात नांदते आहे, त्यात नंदनवारजींचा काडीचा हात नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी गच्चीच्या मधोमध पांढऱ्या रंगाचा भलामोठा गोल काढला. विमान उतरायचं ठिकाण म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर काय, माझ्या बायकोने, सुनंदाने, त्या स्वच्छ गोलात आपल्या कुरड्या घालून ठेवलेल्या, अगदी कडेकडेने. मी म्हटलं, आता भडका उडणार. पण ते काठी घेऊन सबंध दुपार कावळे हाकत बसले. का, तर उतरायच्या जागेवर पाखरू दिसता कामा नये! तेव्हापासून इमारतीतल्या बायका त्यांचा राग करत नाहीत. असा राखणदार फुकटात कुठे मिळतो?

पण माझी गोष्ट वेगळी. मी राहतो सगळ्यांत वर, गच्चीच्या बरोबर खाली. नागपूरचा उन्हाळा अख्खा माझ्या डोक्यावर तापतो. दोन कूलर लावूनही रात्री गादी तव्यासारखी लागते आणि पावसाळ्यात छत गळतं ते वेगळंच. उपाय एकच, गच्चीवर टिनाचं शेड. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. राहिली होती फक्त एक. कोणाची, ते सांगायला नकोच.

"शेड टाकलं तं उतरन कुठं?" ते म्हणायचे.

"काय उतरेल? कधी उतरेल?"

"जागा असन तवाच उतरन ना!"

शेवटी सुनंदा मला म्हणाली, "अहो, एका म्हाताऱ्याची सही आणता येत नाही तुम्हाला, कसले सेक्रेटरी?" हे मात्र मला झोंबलं. मी संमतीचा कागद खिशात घातला आणि खाली जाऊन त्यांना स्पष्ट सांगितलं, आज सही घेतल्याशिवाय हलणार नाही.

"आज रविवार. मी उमरेडले बाईकडे जाऊन राहिलो," ते चपला घालत म्हणाले. "तुमची गाडी काढा. वापस आलो का सही करतो. शब्द हाय."

एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदाच राजी झाले होते. मी गाडी काढली.

बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्यांना वाढवलं. तिने मागावर विणलेली लुगडी विकून त्यांचं दुकान उभं राहिलं, हे मला त्या दिवशी गाडीत कळलं. बाकी सबंध वाट नंदनवारजी मला गाडी शिकवत होते. "हळू! पुढं उंचवटा हाय. डाव्या आंगानं घ्या." रस्ता आता चांगला झाला आहे, तरी जरा गाडी उडाली की ते डोळे मिटून घ्यायचे. मी वैतागून म्हटलं, "अहो, काचेची भांडी आहेत का मागे?"

ते म्हणाले, "घर घेतलं तवा वास्तूले बाईले याच रस्त्यानं आणून राहिलो होतो. गाडी आदळली आन् तिचा मणका गेला. तथूनच वापस नेलं. आता हाडं इतकी ठिसूळ झाली का डाक्टर म्हणते, उलसाही धक्का नको. माह्यं घर तिनं अजून पाह्यलं नाही जी."

मी गाडी अगदी हळू चालवायला लागलो.

बाई खाटेवर पडून होत्या, पाखराएवढ्या. भाऊ दिसताच तोंडभर हसल्या. नंदनवारजींनी स्टूल ओढलं आणि आठवड्याच्या बातम्या सुरू केल्या. कुठे विमानाची चाचणी झाली, कुठे चार सवाऱ्यांचं निघालं, आवाज कसा पंख्याएवढाच येतो. "तुह्या आंगणातून सीधा वर आन् माह्या गच्चीवर सीधा खाली. धक्का म्हणून नाही!"

"हो का गा?" बाई म्हणाल्या. "मंग वाऱ्यानं लुगडं नाही उडन?"

"दार बंद असते ना वं!"

ते बाईचं औषध आणायला नाक्यावर गेले. बाईंनी मला जवळ बोलावलं. "खरं सांगा जी, येते का थे विमान?"

मी चाचरलो. त्या हसल्या. "राहू द्या. मी काही येडी नाही. आन् आलं तरी मी बसत नाही बापा! मले झोक्यावर बसलं तरी गरगरते. पण त्याले सांगू नका. दर रविवारी किती खुशीत येते थो सांगाले. मी नाही म्हटलं तं थो कोणासाठी करन?"

मी नुसती मान हलवली.

परत येताना नंदनवारजींनी विचारलं, "बाई काय म्हणत होती?"

"म्हणाल्या, खिडकीजवळची जागा पाहिजे."

त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे टिपले. घरी पोचल्यावर गाडीतून उतरता उतरता ते म्हणाले, "द्या तो कागद. शब्द देल्ला होता."

कागद माझ्या वरच्या खिशात होता. मी म्हटलं, "घाईत घरीच राहिला हो." सुनंदाला सांगितलं, सही मिळाली नाही. त्यावर ती काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेड झालंच नाही आणि यंदा तिसरा कूलर घेतला.

परवा त्यांनी मला पुन्हा गच्चीच्या दाराशी धरलं आणि काट्यावर चढवलं. आकडा पाहून त्यांनी च्यक् केलं. "साहेब, तुमचं वजन वाढून राहिलं. असं कसं जमन? तुमाले बाईच्या बाजूले बसाचं हाय."

"मी? मी कशाला?"

"तिले उंचावर भेव वाटते जी, लहानपणापासून. मले म्हणत नाही, पण मले ठाऊक हाय. तुमी बोलत राहा तिच्याशी, म्हणजे थे खाली पाहणार नाही."

"अहो, मग तुम्हीच बसा ना शेजारी!"

"मी कसा बसन?" ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच खुळा. "मी इथं गच्चीवर पाणी आन् भाकरतुकडा घेऊन उभा राहीन ना. बहीण पयल्यांदा घरी येईन, तिच्या पायावर पाणी टाकाले कोणी पाह्यजे का नाही?"

डोकं फिरवतो हा माणूस. परवापासून मी रात्री एक पोळी कमी खातो आहे.