फरक विचारणारे कापगते सर

माझ्या वडिलांच्या तेरवीची पंगत बसली होती. मी पोळ्यांची टोपली घेऊन वाढत वाढत कापगते सरांच्या पानापाशी आलो. सरांनी अतिशय दुःखी चेहऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, माझा हात धरला आणि हळू आवाजात विचारलं, "आग विझवायचं ट्रेनिंग घेतलं होतं न आपण, त्याचा घरी काही फरक पडला का?"

मी काय सांगणार? घरी आग लागलीच नव्हती. तसं म्हणालो, तर सर म्हणाले, "हेच तं. आता ते आपल्या ट्रेनिंगनं लागली नाही, का अशीच लागली नाही, हे कसं समजावं?" आणि त्यांनी एक पोळी घेतली. मी पुढच्या पानाकडे सरकलो खरा, पण तो प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला आहे. उत्तर मला सापडलेलं नाही आणि सरांनाही सापडलं असेल असं वाटत नाही.

तुमसरजवळच्या एका राइस मिलमध्ये मी स्टोअरकीपर आहे. सर तिथं प्रशिक्षण अधिकारी. म्हणजे काय, हे मिलमध्ये कोणालाच नीट माहीत नाही. कधीतरी कुठली तरी तपासणी आली होती आणि तपासणीवाल्यांनी विचारलं होतं, की तुम्ही कामगारांना प्रशिक्षण देता का. मोठ्या मालकांनी घाईघाईनं माणूस नेमला. तपासणीवाले गेले, सर राहिले.

त्यांचं लग्न झालं नाही, त्याचं कारणही हेच असावं असा माझा अंदाज आहे. एकदा साकोलीकडच्या एका मुलीचे वडील चौकशीला आले होते. मीच त्यांना चहा पाजला.

"काय करतेत जी मुलगा?"

"शिकवतात."

"शाळेत?"

"नाही, मिलमध्ये. कामगारांना."

"काय शिकवतेत?"

"काम करायला."

त्यांनी कपातला चहा संपवला, अंगणात धान वाळवणाऱ्या बायकांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मंग हे लोकं आजवर काय करून राहिले होते?" मी कप उचलले. स्थळ परतलं ते परतलंच.

सरांचं ट्रेनिंग म्हणजे बघण्यासारखी गोष्ट असायची. सगळ्यांनी गोल बसायचं, कोणी पुढं नाही, कोणी मागं नाही. खुर्च्या नसल्यामुळे गोलात पोती मांडली जायची, आणि पोत्याला पाठ टेकली की हमाल डोळे मिटायचे. एकीचं महत्त्व पटवायला त्यांनी एकदा माझ्याकडून सुतळीचा मोठा गुंडा नेला. एकानं टोक धरायचं आणि गुंडा दुसऱ्याकडे टाकायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. थोड्या वेळानं सगळे त्या सुतळीत असे अडकले की सुटायला चहाची सुट्टी गेली. सर मात्र खूश. "पाहिलं? एक हलला का सगळे हलते." शेवटी कात्री मला आणावी लागली आणि सुतळीचा हिशेबही मलाच लावावा लागला.

काही शिकवलेलं कामाचं असेलही. चालत्या पट्ट्याजवळ हात नेऊ नका, कोंडा उडतो तिथं तोंडाला रुमाल बांधा, काही समजलं नाही तर घाबरू नका, विचारा. बायका रुमाल बांधतात हे मी पाहतो. आता तो सरांमुळे बांधतात की कोंड्यामुळे, हे मात्र मला विचारू नका. सर बाजारात दिसले, बसमध्ये दिसले, कोणाच्या लग्नात दिसले, तरी ठरलेलं एकच वाक्य बोलायचे, "फरक पडला का काही?" लोक घाईघाईनं "हव जी, लय पडला" म्हणत आणि रस्ता बदलत.

मग मोठे मालक थकले आणि छोटे मालक कारभार पाहू लागले. ते पुण्याला शिकून आलेले. प्रत्येक माणसाचा उपयोग काय, हे त्यांना दिसायला हवं होतं. त्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. मी बेअरिंगच्या बिलावर सही घ्यायला तिथंच उभा होतो.

"सर, तुमच्या ट्रेनिंगचा इम्पॅक्ट दाखवा. नाहीतर हे पद मी बंद करतो."

सर म्हणाले, "साहेब, कोणाचा हात पट्ट्यात गेला नाही."

"अहो, जे झालंच नाही ते मी कसं पाहू?"

सर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि या वयात दुसरं कोण शिकवणार? पण दोन दिवसांत त्यांनी युक्ती काढली. मिलमधल्या बऱ्याच बायकांना लिहिता येत नाही, म्हणून कागद नको. ट्रेनिंगच्या शेडबाहेर दोन रिकामी घमेली आणि दोन उघडी पोती ठेवायची, एका पोत्यात तांदूळ, दुसऱ्यात तूस. शिकवलेलं कामाचं वाटलं तर मूठभर तांदूळ एका घमेल्यात टाकायचा, नाही वाटलं तर मूठभर तूस दुसऱ्यात. छोट्या मालकांनाही ही कल्पना आवडली. ते स्वतः पाहायला आले.

ट्रेनिंग संपलं आणि बायका ओळीनं बाहेर पडल्या. पहिली शेवंताबाई, बायकांची मुकादम. तिनं सरांकडे पाहून छान हसून तूस टाकलं. तिच्या मागचीनं तूस टाकलं. तिच्या मागचीनंही. सगळ्या हसत होत्या, सरांना नमस्कार करत होत्या आणि तूस टाकत होत्या. तुसाच्या घमेल्याला शीग आली. तांदळाच्या घमेल्यात एक दाणा नाही. छोटे मालक निघून गेले. सर त्या घमेल्यांकडे पाहत राहिले आणि मी सरांकडे. मला काही कळेना, हसता हसता असं कोणी करतं का?

दुपारी शेवंताबाईला गाठलं. "काहून टाकलं तूस? सरांचं शिकवणं इतकं वाईट आहे का?"

ती चकित झाली. "वाईट कोण म्हणते जी? देव माणूस आहे. पण मालकाच्या तांदळाले हात कसा लावाव? तेही मालकाच्या डोळ्यापुढं? तुसाले हात लावला तं कोणी काही म्हणत नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे सुट्टी झाली की प्रत्येक बाईला गेटवर पहारेकऱ्यासमोर पदर झटकून आणि डबा उघडून दाखवावा लागतो, कुठे तांदूळ नेत नाही ना म्हणून. हे इतकं रोजचं आहे की सरांना ते आठवलं नाही, मालकांना नाही आणि मलाही नाही. ज्या बाईनं मुठीत तांदूळ घेतला असता, तिला वाटलं असतं की आपण पकडलो गेलो. आणि तूस टाकल्यानं सरांची नोकरी जाईल, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी धावत जाऊन सरांना सांगितलं. म्हटलं, आता असेच मालकांकडे जा, सगळा खुलासा करा, तुमची नोकरी वाचली. सर गेले. मी बाहेर थांबलो. परत आले तर चेहरा आणखीच गोंधळलेला.

"काय झालं?"

"मी त्यायले म्हटलं, हे पदर झटकणं बंद करा."

"अहो, आणि तुमच्या नोकरीचं?"

"ते राहून गेलं," सर म्हणाले. "मी इतके वर्षं या बायकायले सांगत आलो, घाबरू नका, विचारा. अन् रोज संध्याकाळी त्या गेटवर मान खाली घालून उभ्या राहतेत. मले दिसलंच नाही रे. मले फार लाज वाटली. दुसरं काही तोंडातून निघालंच नाही."

छोट्या मालकांनी त्यांना उत्तर दिलं होतं, की झडती नको ना, मग उद्यापासून तुम्हीच गेटवर बसा. एक मूठ तांदूळ जरी बाहेर गेला, तर तुम्हीही गेला. अशा रीतीनं आमचे प्रशिक्षण अधिकारी पहारेकऱ्याच्या खुर्चीवर आले. ही बढती, बदली की शिक्षा, हे आम्हाला कोणालाच ठरवता आलं नाही.

पहिल्या संध्याकाळी भोंगा झाला. बायका गेटवर आल्या तसे सर उठून उभे राहिले. "जा बाई, सरळ घरी जा. आजपासून काही दाखवायचं नाही."

कोणी हललं नाही. मालकांची अट एव्हाना मिलभर पसरली होती. शेवंताबाईनं खांद्यावरचा पदर काढला, सरांसमोर दोनदा झटकला, डब्याचं झाकण उघडून डबा पालथा करून दाखवला.

"अहो, नको म्हटलं ना," सर म्हणाले.

"तुमी बसा जी सर. उद्या कोणी म्हणाले नको, का सर बसले अन् तांदूळ गेला."

मग एकेक करत सगळ्यांनी पदर झटकले. ज्या कधी डबा आणतच नाहीत, त्यांनी रिकामे हात पालथे करून दाखवले. सर नको नको म्हणत होते आणि ओळ पुढे सरकत होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवली, म्हणजे पाठीमागून त्या निघून जातील. बायका वळसा घालून समोर आल्या. तेव्हापासून भोंगा झाला की सर खुर्ची सोडून रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जातात आणि पाठ करून उभे राहतात. बायका रिकाम्या खुर्चीसमोर पदर झटकतात, डबे दाखवतात आणि घरी जातात. हे काय चाललंय, असं परवा एका ट्रकवाल्यानं मला विचारलं. मी काय सांगणार?

काल मीही टपरीवर गेलो. सरांच्या हातातला चहा गार झाला होता आणि डोळे ओले होते. म्हटलं, "सर, भोंगा झाला की तुम्ही खुर्ची सोडताच. मग घरी का जात नाही?"

"घरी कोण आहे?" सर म्हणाले. "इथं निदान माझ्यासाठी कोणी थांबते."